तबकडीवरची तिन्हीसांज

एल.पी. ऐकणाऱ्या माणसाला बरोबर निम्म्या वाटेवर उठावं लागतं. हे उठणं मोठं चमत्कारिक असतं. दाराची घंटा वाजलेली नसते, दूध उतू गेलेलं नसतं, कुणी हाकही मारलेली नसते. फक्त एक पिन मधल्या लेबलापाशी पोचून, पुढची वाट विचारायला कुणी न भेटलेल्या परगावच्या माणसासारखी त्याच त्या वळणावर घुटमळत असते आणि तिचा ‘खर्र-टक, खर्र-टक’ असा पायरव खोलीभर ऐकू येत असतो. मग आरामखुर्चीतला जो रसिक आत्ताच कुठे एखाद्या कोमल निषादात विरघळून देहभान विसरला होता, त्याला एकेक करून आपले अवयव परत सापडू लागतात. आधी गुडघे, मग कंबर, मग चपला. तो कुरकुरत उठतो. संगीताच्या इतिहासात या कुरकुरीची नोंद कुणी ठेवलेली नाही. घराण्यांवर ग्रंथ झाले, तानांच्या जाती ठरल्या, दाद कशी द्यावी यावरही जाणकारांनी चार शब्द सांगितले. पण पहिली बाजू संपल्यावर दुसरी सुरू होईपर्यंत जे अर्धं-पाऊण मिनिट जातं, त्यात काय घडतं याबद्दल सगळे मूग गिळून बसलेले. माझं मात्र असं झालंय की, ते पाऊण मिनिट वगळलं तर काही रेकॉर्डी मला पुऱ्या वाटतच नाहीत.

‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही त्यांतली अग्रपूजेची. एचएमव्ही कंपनीची १९६७ सालची ही एल.पी. काश्मीरच्या दरीतल्या एका मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, शब्दांवाचून, नुसत्या वाद्यांतून सांगायचा, असा तिचा बेत. तो तडीला नेला एचएमव्हीच्या मुंबई कचेरीतल्या जी. एन. जोशींनी. हे तेच जोशी, ज्यांनी ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ ही कविता गाऊन मराठी भावगीताला घराघरात नेलं. तरुणपणी रानातली शीळ गायलेल्या माणसाने पन्नाशी उलटल्यावर दरीतली बासरी मुद्रित करून घ्यावी, यात मला एक सुरेख संगती दिसते. मनातलं रान कुठेतरी तसंच उरलं असलं पाहिजे. वाजवणारी मंडळी तरुण. संतूरवर शिवकुमार शर्मा आणि बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, दोघंही १९३८ चे, म्हणजे तिशी न गाठलेले. मांडीवर आडवी गिटार घेतलेले ब्रिजभूषण काबरा. आणि तबल्याला माणिकराव पोपटकर. संतूर आणि गिटार या दोन वाद्यांकडे तेव्हा शास्त्रीय संगीताच्या दिवाणखान्यात थोडं नाक मुरडूनच पाहिलं जाई. त्यामुळे हा मेंढपाळ दरीत हिंडतो आहे ते एका परीने बरंच होतं. तिथे कुणाची परवानगी लागत नव्हती.

आता क्रम पाहा. पहिल्या बाजूला अहिरभैरव आणि नटभैरव, म्हणजे पहाट आणि सकाळ. मग पिलू, म्हणजे दुपार, सावल्या लांबू लागेपर्यंतची. इथे बाजू संपते. दुसऱ्या बाजूला भूप, मग देस, मग पहाडी. म्हणजे दिवे लागून गेलेले आहेत आणि रात्र हळूहळू खोल होते आहे. पुष्कळ दिवस मी हा क्रम निमूट ऐकत होतो. मग एकदा मनात आलं की, या दिवसात सूर्य मावळला कधी? आपल्या संगीतात सूर्यास्ताची सोय काही कमी नाही. मारवा आहे, पूरिया आहे, पूर्वी आहे, श्री आहे. कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम यांचं ते व्याकूळ कुटुंबच्या कुटुंब दिवस आणि रात्रीच्या उंबऱ्यावर उभं असतं. त्यांतलं एकही या रेकॉर्डीत नाही. पिलूत ऊन आहे आणि भूपात चांदणी उगवलेली आहे. मधला संधिप्रकाश गेला कुठे? तर तो तबकडीच्या कडेवरून घरंगळून आपल्या खोलीत पडलेला असतो. आपण उठतो, पिनेचा हात उचलतो, तबकडी दोन्ही तळव्यांत धरून उलटी करतो, पुन्हा खुर्चीत येऊन बसतो, आणि तेवढ्यात तिकडे दरीत सूर्य मावळलेला असतो. मावळवला कुणी? आपणच. जोशींनी हे योजून केलं होतं की वीस-वीस मिनिटांच्या हिशेबात ते आपोआप जमून गेलं, यावर मी कधी फार डोकं चालवलं नाही. सूर्यास्तासारखी गोष्ट कुणी योजली होती का, असं विचारणं मला जरा अरसिकपणाचं वाटतं.

सांगलीला माझ्या मामांकडे ही रेकॉर्ड होती. मामा पाटबंधारे खात्यात कारकून, आणि मोजमापाचा नाद कचेरीतून घरी आलेला. त्यांच्या रेकॉर्ड प्लेयरजवळ जायचं तर आधी हात धुवायचे, मग ते पुसायचे, मग पुसलेले हात दाखवायचे. रेकॉर्ड कडेनेच धरायची, अंगठा काठावर आणि बाकीची बोटं लेबलावर. मधल्या काळ्या कुळकुळीत प्रदेशाला मनुष्यस्पर्श वर्ज्य. इतकं सोवळं त्या घरात देवघरालाही नव्हतं. बाजू उलटायचा हक्क त्यांचा एकट्याचा. “मामा, या खेपेला मी उलटू?” असं मी विचारलं की ते गंभीरपणे माझ्या ओठांवर मिसरूड शोधत आणि म्हणत, “अजून नाही.” संध्याकाळी कचेरीतून आल्यावर चहा घेऊन ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सूर्यास्ताची वेळ पाहत आणि तिच्या बरोबर वीस मिनिटं आधी पिन टेकवत. म्हणजे पिलू संपायला आणि मामींनी देवापुढे दिवा लावायला एक गाठ पडे. मामी आतून म्हणत, “अहो, तिन्हीसांजा झाल्या, थांबवा ते जरा.” आणि मामा उलटलेल्या तबकडीवर मलमलचा रुमाल फिरवत शांतपणे उत्तर देत, “थांबलंय. त्याचं ते थांबतं.”

तिन्हीसांजेला आडवं पडू नये, असं त्या घरातल्या आजीचं म्हणणं. दिवेलागणीला माणसाने उठून बसावं, तोंडावर पाणी मारावं, दाराकडे तोंड करावं. लक्ष्मी यायची वेळ असते, ती लोळणारा माणूस पाहून परत जाते. खरं तर या नियमाचा एल.पी.शी काही संबंध नाही. पण दुसऱ्या कुठल्या यंत्राने आजीची शिस्त इतकी तंतोतंत पाळलेली मी पाहिली नाही. ते यंत्र पहिल्या बाजूनंतर मामांना उठवी, आणि उठल्यावर, उठलोच आहोत तर, म्हणून ते खिडकीचा पडदा सारीत, बाहेर चिंचेवर परतणाऱ्या बगळ्यांकडे पाहत, मामींना “दिवा लागला का?” विचारत आणि मग भूप सुरू होई. तो भूप त्यामुळे वाद्यांतून येतोय असं कधी वाटलंच नाही. तो चिंचेवरून, उदबत्तीच्या धुरातून, बगळ्यांच्या कलकलाटाला ओलांडून यायचा.

या व्यवस्थेत एकच अडचण होती आणि ती मामांच्या एका गानपंडित स्नेह्यांनी काढली. “सूर्यास्ताला बाजू उलटायची म्हणजे संध्याकाळी सव्वासहाला तुम्ही अहिरभैरव ऐकता,” ते म्हणाले. “पहाटेचा राग! कोंबडे काय म्हणतील?” मामा निरुत्तर झाले. हा पेच साधा नव्हता. ही रेकॉर्ड सलग ऐकायची तर ती दिवसाच्या कुठल्याही वेळी लावा, तिचा बराचसा भाग अवेळीच ऐकला जाणार. पहाटे लावली तर देस-पहाडी सूर्योदयाला. रात्री लावली तर मेंढपाळ निजायच्या वेळी उठून मेंढ्या सोडणार. मामांनी काही दिवस विचार केला आणि मग एका रविवारी हा तिढा सोडवला. पहाटे पाचला उठून, अंघोळ करून, त्यांनी अहिरभैरव-नटभैरव लावला आणि तो संपताच पिन उचलून ठेवली. मग दिवसभर ती तबकडी तशीच, अर्धी वाजलेली, थाळीवर पडून राहिली. कुणी तिला हात लावायचा नाही. दुपारी जेवणं झाल्यावर सगळं घर वामकुक्षीत बुडालं तेव्हा एकटे मामा जागे होते आणि पिलू वाजत होता. मला अर्धवट झोपेत ती बासरी ऐकू आली आणि वाटलं, बाहेर कुणी फेरीवाला आला आहे. संध्याकाळी, बाजू उलटायला ते उभे राहिले आणि बरोबर त्याच क्षणी वीज गेली. अंधारात हातावर तबकडी तोलून उभे असलेले मामा आणि पलीकडे समई लावणाऱ्या मामी. कुणी काही बोलेना. “आता?” मी विचारलं. “मेंढपाळाच्या दरीत तरी कुठे वीज असते?” मामी म्हणाल्या. भूप त्या दिवशी पाऊण तास उशिरा सुरू झाला. पण तो रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग, त्यामुळे शास्त्राला काही बाध आला नाही. देस जेवणानंतर झाला. पहाडी ऐकायला मी जागा नव्हतो. चाळीस मिनिटांची रेकॉर्ड ऐकायला अख्खा दिवस लागला, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा मामी म्हणाल्या, “काल आमच्याकडे मेंढ्या होत्या.”

ही वीस मिनिटांची बाजू मुळात आपल्यासाठी नव्हतीच. अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीने १९४८ साली बारा इंची, मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेणारी लाँग प्लेइंग तबकडी बाजारात आणली तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे तिकडची सिम्फनी होती; ती एका तबकडीच्या दोन बाजूंत मावावी, एवढाच हिशेब. त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटं मिळत आणि आपल्या गवयांनी त्यातही राग उभे केले होते. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तेवढ्याच वेळातली, आणि ती ऐकून भीमसेन नावाचा एक मुलगा गुरू शोधायला घरातून पळाला. तीन मिनिटांत माणूस घर सोडतो, तर वीस मिनिटांत काय होईल, ही भीती कंपनीला वाटली नसावी. आपल्या शास्त्रीय संगीताची पहिली एल.पी. आली १९५५ साली, न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झालेली, अली अकबर खाँचा सरोद आणि सुरुवातीला व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन यांचं निवेदन असलेली. तिचं नावच होतं ‘मॉर्निंग अँड ईव्हनिंग रागाज’. म्हणजे एका बाजूला सकाळ, दुसरीला संध्याकाळ. पाहा, पहिल्याच पावलाला ही गोष्ट घडली होती! सबंध दिवस, त्यातली न्याहारी, कचेरी, जेवण, डुलकी, सगळं त्या उलटण्याच्या पाऊण मिनिटात. पुढे किशोरीताई आमोणकरांच्या एल.पी.वर एका अंगाला भूप आणि दुसऱ्या अंगाला बागेश्री आली, आणि मराठी घरांतल्या किती जणांच्या मनात या दोन रागांची कायमची सोयरीक जुळून गेली. मैफलीत कुणी भूप संपवला की माझे गुडघे अजूनही आपसूक हलतात. उठायला पाहिजे, बागेश्री आहे पाठीमागे. भूप पहिल्या प्रहराचा, बागेश्री मध्यरात्रीकडे झुकलेली. तेव्हा इथेही रात्रीचे काही तास उलटणाऱ्याच्या तळहातांतून गेलेले असतात. काळाला असं चिमटीत धरून पालटण्याची मुभा ऋषिमुनींनाही तपश्चर्येनंतर मिळत असे. आपल्याला ती मलमलच्या रुमालासकट मिळाली.

तबकडी नीट पाहिली तर आणखी एक गंमत कळते. तिच्यावर पुष्कळ वर्तुळं आहेत असा भास होतो, पण असते ती एकच रेघ, बाहेरून आत चालत गेलेली. उलगडून सरळ केली तर जवळपास अर्धा किलोमीटर भरेल. आणि तबकडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच गतीने फिरत असली तरी सुराच्या वाट्याला येणारी वाट मात्र आक्रसत जाते. बाहेरच्या फेऱ्यात पिनेला सुमारे ९० सेंटिमीटर मिळतात, लेबलाजवळच्या फेऱ्यात ४० च्या आत-बाहेर. वेळ तेवढाच, जागा निम्म्याहून कमी. त्यामुळे शेवटाकडे नाद किंचित धुरकटतो, बारीक कंगोरे झिजतात. पाश्चात्त्य कंपन्यांनी हे ओळखून बाजूच्या शेवटी शांत गाणी घालायची चाल पाडली. आपला ख्याल असं ऐकून घेणारा थोडाच! त्याची विलंबित, जिथे दोन सुरांमध्ये माणूस चार गोष्टी आठवून घेतो, ती ऐसपैस हमरस्त्यावरून जाते. आणि द्रुत, तराणा, जिथे सगळी धावपळ, झुंबड, तानांची लगबग, ते सगळं नेमकं अरुंद बोळात. वऱ्हाडी मंडळींनी मैदान सोडून जिन्यात नाचायचं ठरवावं, तसा हा प्रकार. पण मेंढपाळाच्या दिवसाला मात्र हा दोष मानवला आहे. त्याची रात्र लेबलाच्या अगदी जवळ येते, पहाडीच्या कडा मऊ पडतात, आणि तो धुरकटपणा यंत्राचा की झोपेचा, हे कळेनासं होतं.

आणि एक अगदी खाजगी गोष्ट सांगतो. रेकॉर्डीवरचा तुकडा सुरू व्हायच्या आधी, कान लावलात तर, पहिला सूर एकदा पुसटसा ऐकू येतो. बरोबर १.८ सेकंद आधी, एक फेरा आधी. शेजारच्या चराच्या भिंतीला या चराचं थोडंसं दुखलेलं असतं, त्याचा तो उमाळा. तंत्रज्ञ याला दोष म्हणतात आणि तो कमी करायची खटपट करतात. मला विचाराल तर गवयाने ‘सा’ लावायच्या आधी मनात लावलेला ‘सा’ आपल्या कानी पडण्याची सोय फक्त या एका दोषाने केली आहे. तशीच चऱ्याची गोष्ट. रेकॉर्डीवर आडवा चरा गेला असेल तर तीही ‘टक’ दर १.८ सेकंदांनी येते, आणि तबल्याचा ठेका आणि ही टक यांचं जे हळूहळू जवळ येणं, एकदा अवचित समेवर भेटणं आणि पुन्हा पांगणं चालतं, त्यावर मामा दाद देत. “आली बघ,” ते म्हणत, आणि मला कळत नसे की सम की टक.

पुढे सीडी निघाली. पहिली आणि दुसरी बाजू एकाच अंगावर आल्या, पिलूच्या शेपटाला भूप लागला आणि सूर्य मावळायला जागाच उरली नाही. भर उन्हातून माणूस थेट चांदण्यात जातो. डोळे दिपावेत तसे कान दिपतात. एवढ्यावर भागलं नाही. सीडीत जागा शिल्लक होती, आणि जागा शिल्लक दिसली की माणसाला काहीतरी भरावंसं वाटतंच, म्हणून १९९० च्या दशकात निघालेल्या आवृत्तीत पहाडीच्या पुढे आणखी तीन तुकडे जोडले गेले. वादन उत्तमच आहे. पण मेंढपाळ घरी गेला, मेंढ्या कोंडल्या, दिवा मालवला, आणि आता हे कोण वाजवतंय? मला दर वेळी त्याच्या झोपमोडीची काळजी वाटते. शेवट झाल्यावर थांबायचं असतं हे यंत्राला कोण शिकवणार? मैफलीत आपल्याकडे भैरवीनंतर कुणी तोंड उघडत नाही. पण १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळात सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या गेल्या, त्यांवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि तिच्यामागे रात्रीच्या अंधारावरचं अमेरिकेतलं एक गाणं आणि त्यामागे बेथोवेन! गोव्यातल्या केरी गावच्या या बाई ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत किती करड्या होत्या हे ठाऊक असलेल्या माणसाला वाटेल, हा क्रम त्यांना दाखवला असता तर यान उडालंच नसतं. ती तबकडी मिनिटाला १६⅔ फेऱ्यांनी वाजवायची आहे, सोबत पिनही दिली आहे आणि वापरायच्या खुणाही कोरल्या आहेत. ताऱ्यांमधल्या अवकाशात गेलेल्या त्या भैरवीला आता सकाळ नाही की संध्याकाळ. कुणा परग्रहवासीयाच्या हाती ती लागली तर तो ऐकेल, हे मी मानायला तयार आहे. माझी शंका वेगळीच आहे. बाजू संपल्यावर त्याला गुडघे असतील का?

हल्ली एल.पी.चे दिवस परत आलेत म्हणतात. अमेरिकेत २०२२ साली सीडीपेक्षा एल.पी. अधिक विकल्या गेल्या, १९८७ नंतर प्रथमच. आपल्याकडेही पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी तरुण मुलंमुली उकिडवी बसून तबकड्या तिरप्या धरून उन्हात पाहताना दिसतात. त्यांच्या तोंडी नेहमी एक वाक्य असतं, की एल.पी.चा आवाज उबदार असतो. असेल. मला त्या उबेचं फारसं कळत नाही. आमच्या मामांच्या प्लेयरचा आवाज उबदार नव्हे, सर्दी झाल्यासारखा होता. शुद्धतेच्या शर्यतीत तबकडी हरली आहे, हे तिच्या चाहत्यांनी मोकळ्या मनाने मान्य करावं. ती जिंकते ती दुसरीकडेच. ती आपल्याकडून थोडं काम करून घेते आणि त्या कामाच्या वेळात गप्प बसते. फोनवर गाणी कधी संपतच नाहीत. एकातून दुसरं उगवतं, आणि क्रम विस्कटायचं बटण दाबलं की पहाडी आधी येतो आणि अहिरभैरव मागून, मेंढ्या घरी आधी पोचतात आणि रानात नंतर जातात. मधेच कर्ज हवं का म्हणून कुणी विचारून जातो. पुढेही गाणं असतं, त्याच्या पुढेही. एखादी गोष्ट संपली, एवढं साधं सुख त्यात मिळत नाही.

उठायचा कंटाळा असणारे पूर्वीही होतेच. त्यांच्यासाठी सहा-आठ तबकड्या एकावर एक रचून आपोआप खाली पाडणारे चेंजर निघाले होते. मामा त्यांचा उल्लेख अनीतिमान गृहस्थांचा करावा तसा आवाज खाली आणून करीत. उलट ‘कॉल ऑफ द व्हॅली’ निघाली त्याच १९६७ साली लंडनमध्ये बीटल्सनी ‘सार्जंट पेपर’च्या दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटच्या, स्वतःभोवतीच फिरणाऱ्या चरात थोडी बडबड भरून ठेवली. आपोआप थांबणारं यंत्र नसेल तर ती बडबड कुणी उठून पिन उचलेपर्यंत चालूच राहते, रात्रभरसुद्धा. दरीतल्या मेंढपाळाशी त्या चौघांची गाठ पडली नसली तरी रसिकाला खुर्चीतून उठवलंच पाहिजे, याबाबत मुंबई आणि लंडन यांचं त्या वर्षी एकमत होतं.

तेव्हा माळ्यावर एखादी एल.पी. पडून असेल तर तिच्यावर ट्रंका रचून ठेवू नका. उभी ठेवा, उन्हापासून लांब ठेवा, नाहीतर ती द्रोणासारखी वाकते. प्लेयर नसेल आणि आणायचाही नसेल, तरी हरकत नाही. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ फोनवरही मिळते. फक्त एवढं करा: पिलू संपला की ती थांबवा. खुर्चीतून उठा, पडदा सारा, तोंडावर पाणी मारा, घरात कुणी असेल तर दिवा लागला का विचारा, आणि मगच भूप सुरू करा. पहाडीच्या पुढचे तीन तुकडे हवे तर दुसऱ्या दिवशी ऐका.